काहीही वाया न घालवणारी अभिनेत्री



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना नटांविषयी अपार आस्था होती. विशेषतः ज्यांचं नाव जाहिरातीत खाली, बारीक टायपात छापलं जातं अशा नटांविषयी. म्हणून आज मी एका जपानी अभिनेत्रीविषयी बोलायचं ठरवलं. त्यांचं नाव किरिन किकी. 15 सप्टेंबर 2018 रोजी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवलेल्या 'शॉपलिफ्टर्स' या चित्रपटातली आजी तुमच्यापैकी काहींच्या स्मरणात असेल. ती आजी म्हणजे किरिनबाई.

तारुण्यात त्या कधी नायिका नव्हत्या. रूढ अर्थाने देखण्या म्हणून त्यांची ख्याती नव्हती. तरीही पन्नासहून अधिक वर्षं त्या जपानी घराघरांत होत्या, आणि अखेरच्या दहा-बारा वर्षांत जपानच्या उत्तम चित्रपटांचा कणा बनल्या. हे कसं घडलं, याचं माझ्यापुरतं उत्तर मी आधीच सांगून टाकते. त्यांनी स्वतःजवळचं काहीही वाया जाऊ दिलं नाही. चेहरा जसा होता तसा वापरला. वय आलं ते वापरलं. आजार आला तोही कामाला लावला. आज मी जे सांगणार आहे, ते सगळं या एका मुद्द्याभोवतीचं आहे.

त्यांचा जन्म 15 जानेवारी 1943 चा, टोकियोच्या कांदा भागातला. वडील बिवा हे तंतुवाद्य वाजवणारे कलावंत. किरिनबाई लहानपणी फार अबोल होत्या. अबोल मूल बघत बसतं, आणि हे बघणं पुढे त्यांच्या फार उपयोगी पडलं. त्यांना खरं तर औषधशास्त्र शिकायचं होतं. प्रवेशपरीक्षेच्या तोंडावर स्कीइंग करताना पाय मोडला, परीक्षा हुकली. 1961 मध्ये त्या 'बुंगाकुझा' या नामवंत नाट्यसंस्थेच्या प्रशिक्षणवर्गात दाखल झाल्या. हारुको सुगिमुरा या संस्थेच्या आधारस्तंभ. दिग्दर्शक ओझूंच्या 'टोकियो स्टोरी' या चित्रपटातली व्यवहारी थोरली मुलगी ज्यांनी साकारली, त्याच या सुगिमुरा. तरुण किरिनबाईंसमोर पहिला आदर्श होता तो असा, सहायक भूमिकेत राहूनही चित्रपटावर ठसा उमटवणाऱ्या अभिनेत्रीचा. तेव्हा त्यांनी घेतलेलं रंगभूमीवरचं नाव वेगळं होतं, चिहो युकी.

1964 मध्ये 'सात नातवंडं' अशा अर्थाच्या नावाची एक दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. घरातले आजोबा होते हिसाया मोरिशिगे, त्या काळातले अव्वल विनोदी आणि चरित्र अभिनेते. किरिनबाई त्या घरातली मोलकरीण. मोरिशिगे ऐन वेळी संवाद बदलत, भलतंच काही करत, आणि समोरच्याला ते झेलावं लागे. ही मुलगी झेलत गेली. दोघांची जुगलबंदी प्रेक्षकांना आवडली आणि मोलकरणीचं काम वाढत गेलं. पुढे 1970 पासून गाजलेल्या, सार्वजनिक स्नानगृह चालवणाऱ्या कुटुंबावरच्या मालिकेत त्या तिथल्या नोकर बाई झाल्या. मोलकरीण, कामवाली, शेजारीण. अशा पात्रांना कथानकात फारसं काही करायचं नसतं. घरात वावरायचं असतं, बस्स. पण घरात खरं वाटेल असं वावरणं किती अवघड आहे, हे ज्यांनी एकदा तरी रंगमंचावर चहाचा ट्रे आणलाय त्यांना विचारा.

आता 1974 कडे येऊ. 'तेराउची कांतारो यांचं कुटुंब' ही मालिका. लेखिका कुनिको मुकोदा, निर्माते-दिग्दर्शक तेरुहिको कुझे. टोकियोच्या जुन्या वस्तीतल्या एका पाथरवटाचं हे घर. घरमालक कांतारो तापट, जाडजूड, जेवता जेवता हाणामारीवर येणारा. ही भूमिका संगीतकार आसेइ कोबायाशी यांनी केली. त्याची म्हातारी आई झाल्या किरिनबाई. त्या वेळी त्या एकतीस वर्षांच्या होत्या, आणि पडद्यावरचा त्यांचा मुलगा प्रत्यक्षात त्यांच्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठा!

त्यांनी काय केलं? केस रंग काढून पांढरे केले. पाठीला बाक आणला. चेहरा जमला, पण हात कसे लपवणार? एकतिशीच्या बाईचे हात सत्तरीचे दिसत नाहीत. मग त्यांनी बोटं कापलेले हातमोजे घातले. थंडी वाजणाऱ्या म्हातारीला ते शोभले, आणि तरुण कातडीही झाकली गेली. एका अडचणीतून त्या पात्राची एक सवय जन्माला आली.

या म्हातारीच्या खोलीत तरुण पॉप गायक केंजी सावादा याचं पोस्टर होतं. त्याचं लाडकं नाव 'ज्युली'. आजीबाई त्या पोस्टरसमोर उभ्या राहून अंग घुसळत 'ज्युलीऽऽ' अशी आरोळी ठोकत. सारा जपान हसला. पण त्या हसण्यात एक मोठी गोष्ट घडून गेली असं मला वाटतं. आजीला इच्छा असते, आजीला शरीर असतं, आजी हावरट असते, खोडकर असते, हे या मालिकेतून घरोघरी पोचलं. देवघरात बसवलेली आजी किरिनबाईंनी कधीच केली नाही. वयाच्या एकतिसाव्या वर्षी नाही आणि पंचाहत्तराव्या वर्षीही नाही.

1977 साली एका वाहिनीने लिलावाचा खास कार्यक्रम केला. कलावंतांनी आपली एखादी वस्तू आणायची आणि ती विकायची. किरिनबाईंकडे विकण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी आपलं नाव विकलं. चिहो युकी हे नाव 20,200 येनला गेलं. सोळा वर्षं ज्या नावाने काम केलं, ज्या नावाने लोक ओळखत, ते देऊन टाकून त्या किरिन किकी झाल्या. कीर्ती साठवून ठेवण्याची वस्तू आहे असं त्यांना वाटत नव्हतं, एवढं मात्र या प्रसंगातून स्वच्छ दिसतं.

साधारण 1980 च्या सुमाराची फुजी कंपनीच्या रंगीत फोटोंची जाहिरात अशीच. दुकानात फोटो धुवायला आलेली बाई त्या, काउंटरमागे तरुण अभिनेत्री कायोको किशिमोतो. मूळ संवादाचा आशय असा होता की सुंदर माणसांचे फोटो सुंदर येतात आणि जी सुंदर नाहीत त्यांचेही सुंदर येतात. किरिनबाईंनी हरकत घेतली की हे खोटं आहे. जो सुंदर नाही त्याचा फोटो त्याच्या परीने येईल, असं म्हणा. कंपनीने ऐकलं आणि ही जाहिरात जपानच्या जाहिरातींच्या इतिहासात जाऊन बसली. माल विकताना खरं बोलल्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला, हे जाहिरातीच्या धंद्यातल्या लोकांनी आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल थोडक्यातच बोलते. 1973 मध्ये त्यांनी रॉक गायक युया उचिदा यांच्याशी दुसरा विवाह केला. संसार वादळी ठरला आणि लवकरच दोघं वेगळी राहू लागली. 1981 मध्ये उचिदांनी परस्पर घटस्फोटाचे कागद दाखल केले. किरिनबाई कोर्टात गेल्या आणि तो घटस्फोट रद्द करवून घेतला. अखेरपर्यंत ते पती-पत्नी राहिले, वेगवेगळ्या छपरांखाली. या निर्णयाचा मला आदर्श म्हणून गौरव करायचा नाही. तो त्यांचा होता आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. पण नात्यात प्रेम, राग, चिवटपणा आणि सूड एकाच वेळी नांदू शकतात हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. हे ज्ञान पुढे पडद्यावर उतरलं.

ऐंशीच्या दशकात एनएचके या वाहिनीच्या 'युमेचियो निक्की' मालिकेत त्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावातली गेइशा झाल्या, 1986 च्या 'हानेकोम्मा' या सकाळच्या मालिकेत नायिकेची आई झाल्या. याच सुमारास सेइजुन सुझुकींसारख्या प्रयोगशील दिग्दर्शकाच्या चित्रपटांतही त्या दिसत होत्या. पुढे पुढे त्यांनी व्यवस्थापक ठेवला नाही, एजन्सी ठेवली नाही. काम हवं असेल तर घरच्या उत्तरयंत्रावर निरोप ठेवा नाहीतर फॅक्स करा. मानधनाचं, तारखांचं स्वतः बघणार. कपडे जुनेच उसवून, बेतून पुन्हा वापरणार. मघाशी मी वाया न घालवण्याबद्दल बोलले. तो त्यांचा घरातला रोजचा शिरस्ता होता आणि अभिनयातही तोच आला.

2003 मध्ये डोळ्याचा पडदा सरकून डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. 2005 मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. साठीच्या पुढची बाई, एक डोळा गेलेला, कर्करोग झालेला. चित्रपटसृष्टीच्या हिशेबात अशा अभिनेत्रीचं खातं बंद होतं. किरिनबाईंच्या उत्तम कामांची यादी मात्र इथून सुरू होते. 2007 च्या 'टोकियो टॉवर'मध्ये मुलासाठी आयुष्य वेचणारी आणि कर्करोगाने जाणारी आई त्यांनी केली. त्याच आईचं तरुण रूप त्यांची मुलगी यायाको उचिदा हिने केलं. या भूमिकेला जपान अकादमीचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं.

आणि 2008 मध्ये आला हिरोकाझु कोरेएदा यांचा 'स्टिल वॉकिंग'. या चित्रपटापाशी मी जरा थांबणार आहे.

स्वतःच्या आईच्या मृत्यूनंतर कोरेएदांनी हा चित्रपट लिहिला. गोष्ट एका दिवसाची आणि एका रात्रीची. थोरला मुलगा जुनपेई बऱ्याच वर्षांपूर्वी समुद्रात बुडणाऱ्या एका मुलाला वाचवताना गेला. त्याच्या स्मृतिदिनाला धाकटा मुलगा, लेक, सुना-जावई, नातवंडं जुन्या घरी जमतात. चित्रपट सुरू होतो तो स्वयंपाकघरात. माय-लेकी मुळा, गाजर खरवडतायत आणि बोलतायत. पुढे मक्याचे दाणे सोडवून त्यांची भजी तळली जातात, दाणे तेलात फुटतात, आणि त्यासोबत कुटुंबाची जुनी आठवण निघते. किरिनबाईंच्या हाताकडे बघा. हात कुठेही अभिनय करत नाहीत. हजारदा केलेलं काम करणाऱ्या बाईचे ते हात आहेत. तोंड लेकीशी बोलतंय, लक्ष तेलाकडे आहे, आणि मन मेलेल्या मुलापाशी. तिन्ही एकाच वेळी दिसतात. आता त्या हातांवर हातमोजे नाहीत.

दुपारी तो वाचलेला मुलगा योशिओ येतो. आता तो जाडजूड, घामाघूम, आयुष्यात फारसं काही न जमलेला तरुण आहे. दर वर्षी त्याला बोलावलं जातं. आई त्याच्याशी गोड बोलते, पुढच्या वर्षीही ये म्हणते. रात्री धाकटा मुलगा आईला म्हणतो, आता त्याला बोलावणं बंद करूया, बिचाऱ्याला फार अवघड होतं. आई क्रोशाचं विणकाम करत बसलेली. सुई चालूच आहे. आणि ती शांतपणे सांगते की त्याला अवघड व्हावं म्हणूनच तर बोलावते. द्वेष करायला कुणी नसेल तर दुःख आणखी असह्य होतं, म्हणून वर्षातून एकदा त्यानेही ते सोसावं.

आवाज चढत नाही. डोळ्यांत पाणी नाही. सुई थांबत नाही. दिवसभर ज्या बाईने सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, तिच्या आत हा निखारा इतकी वर्षं जपून ठेवलेला आहे. प्रेमळ आई आणि निर्दय आई अशा दोन बायका तिथे नाहीत. एकच बाई आहे, आणि ती दोन्ही आहे. आईपणाचं इतकं सच्चं चित्र पडद्यावर मी फार क्वचित पाहिलं. पुढे एका गाण्याची तबकडी लावून ती नवऱ्याच्या जुन्या प्रतारणेचा हिशेबही असाच हसत हसत मांडते. तेव्हा आपल्याला कळतं की या घरात विसरली गेलेली एकही गोष्ट नाही.

कोरेएदांबरोबर त्यांनी सहा चित्रपट केले. 'आय विश', 'लाइक फादर, लाइक सन', 'अवर लिट्ल सिस्टर' यांत त्या थोडा वेळ येतात. 2016 च्या 'आफ्टर द स्टॉर्म'मध्ये मात्र पुन्हा आई आहेत, सरकारी वसाहतीतल्या छोट्या सदनिकेत एकट्या राहणाऱ्या. कोरेएदा स्वतः ज्या वसाहतीत वाढले तिथेच चित्रण झालं. तिथे त्या मुलाला पेल्यात गोठवलेलं कॅल्पिस सरबत देतात आणि माय-लेक चमच्याने ते खरवडत बसतात. काटकसरीने राहणारी आई आणि पैशाने कफल्लक झालेला मुलगा यांचं सगळं नातं त्या खरवडण्याच्या आवाजात येतं.

2013 च्या मार्चमध्ये 'माझ्या आईची कहाणी' अशा आशयाच्या चित्रपटातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या आईच्या भूमिकेला जपान अकादमीचं पारितोषिक मिळालं. या सोहळ्याचा रिवाज असा की सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीने पुढच्या वर्षी सूत्रसंचालनाला यायचं. किरिनबाईंनी व्यासपीठावरून सहज सांगितलं की कर्करोग सगळ्या अंगात पसरलाय, तेव्हा पुढच्या वर्षीचं वचन देता येणार नाही. सभागृह हबकलं. त्या मात्र पुढची साडेपाच वर्षं काम करत राहिल्या.

त्यातलं 2015 चं काम आपल्या इथे विशेष जिव्हाळ्याने पाहावं असं आहे. नाओमी कावासे यांचा 'आन'. एका छोट्या दुकानात एक उदास माणूस दोरायाकी विकतो. दोन गोडसर धिरड्यांमध्ये लाल अझुकी कडधान्याचं गोड सारण. आपल्या पुरणाच्या जवळचं. शहात्तर वर्षांची तोकुए नावाची बाई काम मागायला येते. तिची बोटं वाकडी आहेत. सारण करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पहाटे ती दाणे निवडते, भिजवते, शिजवते, वाफेत तोंड घालून त्यांचं म्हणणं ऐकते. कावासेंनी ही कृती घाई न करता दाखवली आहे आणि किरिनबाईंनी ती पूजेसारखी केली आहे. दुकानापुढे रांगा लागतात. मग कुजबुज सुरू होते. तोकुएला पूर्वी कुष्ठरोग झाला होता. रांगा आटतात.

जपानमध्ये कुष्ठरुग्णांना कायद्याने सक्तीने वसाहतीत डांबत. नातं तुटे, नाव बदलावं लागे, मूल होऊ दिलं जात नसे. औषधं आली, रोग बरा होऊ लागला, तरी कायदा राहिला. तो रद्द झाला थेट 1996 मध्ये. 2001 मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी धरलं. टोकियोच्या परिसरातली तामा झेन्शोएन ही अशीच एक वसाहत, आणि चित्रपट तिथपर्यंत जातो. ज्या महाराष्ट्रात 1949 पासून वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं, त्या महाराष्ट्राला बरा झालेला रुग्ण आणि त्याला बरा न मानणारा समाज, हे दोन्ही ठाऊक आहेत. किरिनबाईंची तोकुए दया मागत नाही. तिला काम हवं आहे. वाकड्या बोटांनी ती जे करते ते सरळ बोटांना जमत नाही, एवढंच ती सिद्ध करते. या चित्रपटात शाळकरी मुलीची भूमिका त्यांची नात क्यारा उचिदा हिने केली.

आणि शेवटी 'शॉपलिफ्टर्स'. नात्याने एकमेकांचे कुणी नसलेले लोक एका जुनाट घरात एकत्र राहतात आणि आजीच्या पेन्शनवर, चोरीवर जगतात. या आजीसाठी किरिनबाईंनी कवळी काढून ठेवायचं सुचवलं. केस वाढवले. पंचाहत्तरीला टेकलेली जगप्रसिद्ध अभिनेत्री बोळक्या तोंडाने कॅमेऱ्यासमोर बसते! त्यात गंमत नव्हती. माणूस म्हातारा होतो म्हणजे काय होतं, हे लोकांना दाखवावं असं त्यांना वाटत होतं.

समुद्रकिनाऱ्यावरच्या दृश्यात आजी वाळूत बसली आहे. समोर सगळे हात धरून लाटांवर उड्या मारतायत. आजीचे ओठ हलतात, आवाज येत नाही. संहितेत ते शब्द नव्हते. कोरेएदांना ते संकलनाच्या टेबलावर लक्षात आलं. ती सगळ्यांचे आभार मानत होती. चित्रणाचा तो त्यांचा पहिलाच दिवस होता. दिग्दर्शकाने मग चित्रपटाची गोष्टच या निःशब्द वाक्याच्या दिशेने वळवत नेली. एका सहायक भूमिकेतल्या अभिनेत्रीने चित्रपटाला त्याचा अर्थ दिला, आणि तो देताना कुणाला विचारलंही नाही.

कानहून परतल्यावर त्यांनी कोरेएदांना बजावलं होतं, की या म्हातारीला आता विसरा, तुमचा वेळ तरुणांसाठी वापरा, मी यापुढे भेटणार नाही. त्याप्रमाणे त्या भेटल्या नाहीत. चहाच्या विधीवरचा 'एव्हरी डे अ गुड डे' हा त्यांचा चित्रपट त्यांच्यामागे ऑक्टोबरमध्ये आला. मृत्यूनंतर त्यांच्या बोलण्या-लिहिण्यातून निवडलेल्या विचारांच्या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती जपानमध्ये गेल्या. लोकांना त्यांच्याकडून जगण्याची रीत हवी होती. ती अगोदरच त्यांच्या भूमिकांमध्ये होती.

मित्रहो, मी हे सगळं सांगते आहे ते जपानच्या कौतुकासाठी नाही. आपल्याकडेही साठीच्या, सत्तरीच्या समर्थ अभिनेत्री आहेत. त्यांच्या वाट्याला बहुतेकदा आशीर्वाद द्यायला वर आलेला हात येतो, नाहीतर कारस्थान करणारी भुवई. किरिनबाईंना मुकोदांसारखी लेखिका मिळाली, जिने आजीला हाव दिली. कोरेएदांसारखा लेखक-दिग्दर्शक मिळाला, ज्याने आईला सूड दिला. असा मजकूर लिहिला गेला म्हणून तो अभिनय शक्य झाला. म्हणून माझी विनंती आहे ती सभागृहातल्या लिहिणाऱ्यांना. म्हाताऱ्या बायका लिहा. त्यांना भूक द्या, जुने हिशेब द्या, एखादं पोस्टर द्या, एखादं काम द्या ज्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आणि अभिनेत्रींना विनंती की सुरकुती झाकू नका, तिच्यासाठी भूमिका मागा. प्रेक्षक म्हणून आपण एवढं करू शकतो की अशा भूमिकेचं काम पाहिलं की तिचं नाव लक्षात ठेवायचं, ते कितीही बारीक टायपात छापलेलं असो.